बोटॉक्सबद्दल नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न: गैरसमज कुठले आणि काळजी कशाची करायची

मी नागपुरात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. खालचे प्रश्न लोकांनी ओपीडीत, व्हॉट्सअॅपवर आणि लग्नकार्यात जेवणाच्या रांगेत विचारलेले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केलेत आणि भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवलीय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढे वारंवार येणार आहे. लोक विषाला घाबरतात, सवय लागेल म्हणून घाबरतात. पण सुई कोण धरतंय आणि औषधाची कुपी कुठून आली, हे फार थोडे लोक विचारतात. जिथे घाबरायला हवं तिथे कोणी घाबरत नाही, याची मला खरी चिंता वाटते.

१. बोटॉक्स म्हणजे नेमकं काय? त्वचा ताणून धरणारं औषध का?

नाही. ते स्नायूवरचं औषध आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूपासून मिळणारं प्रथिन शुद्ध करून अगदी थोड्या मात्रेत स्नायूत टोचतात. आकुंचन पाव, हा निरोप नसेच्या टोकापासून स्नायूपर्यंत अॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत जातो. हे प्रथिन ते रसायन बाहेर पडू देत नाही. निरोप पोचला नाही की स्नायू सैल राहतो आणि वरच्या त्वचेला घडी पडत नाही. बोटॉक्स हा एका कंपनीचा ब्रँड आहे. डिसपोर्ट आणि झिओमिन ही त्याच वर्गातली औषधं. बोलताना सगळे बोटॉक्सच म्हणतात, म्हणून इथेही तेच वापरते.

२. पण ते विषच आहे ना? मग चेहऱ्यात विष कशाला टोचून घ्यायचं?

हो, मूळ पदार्थ विष आहे आणि माणसाला माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नात तो तयार झाला की बोट्युलिझम होतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. हे लपवण्यात अर्थ नाही.

सगळा फरक मात्रेचा आहे. दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची ठरलेली मात्रा पाच ठिकाणी मिळून २० युनिट आहे (युनिट हे या औषधाच्या ताकदीचं माप). सत्तर किलोच्या माणसासाठी घातक मात्रेचा अंदाज माकडांवरच्या प्रयोगांवरून काढलेला आहे आणि तो अडीच-तीन हजार युनिटांच्या घरात जातो. जुनाट मायग्रेनसाठी याच औषधाची १५५ युनिटं डोकं, मान आणि खांद्यात ३१ ठिकाणी देतात. औषध टोचलेल्या जागेपासून शरीरात दूरवर पसरू शकतं, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये लेबलवर छापायला लावला. तशा गंभीर घटना मुख्यतः स्नायू आखडलेल्या मुलांना मोठ्या मात्रा दिल्यावर नोंदल्या गेल्या होत्या.

पण हा सगळा हिशेब कुपीत लेबलवर लिहिलंय तेवढंच औषध असेल तरच खरा. बनावट कुपीत किती आहे ते कोणालाच ठाऊक नसतं (प्रश्न १८ आणि १९).

३. हे नवीन फॅड आहे. वीस वर्षांनी काय होईल कोणी पाहिलंय?

वीस वर्षं केव्हाच होऊन गेली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी १९७० च्या दशकात तिरळेपणावर हे औषध वापरायला सुरुवात केली. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी त्याला मान्यता मिळाली. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स पापण्यांची आकडी असलेल्या रुग्णांना ते देत होत्या. या रुग्णांच्या आठ्या जातात, हे तिथे लक्षात आलं. त्यांनी आणि त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ अॅलिस्टर कॅरदर्स यांनी १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आठ्यांसाठी मान्यता २००२ मध्ये आली, डोळ्यांच्या कडेच्या रेघांसाठी २०१३ मध्ये आणि कपाळाच्या आडव्या रेघांसाठी २०१७ मध्ये.

४. माझ्या मैत्रिणीचे ओठ बोटॉक्सने फुगले. मलाही तसंच होईल का?

ओठ किंवा गाल भरलेले दिसत असतील तर तो फिलर आहे, बोटॉक्स नाही. फिलर, बहुतेक वेळा हायल्युरॉनिक अॅसिडचा जेल, त्वचेखाली जाऊन जागा भरतो. बोटॉक्स काहीच भरत नाही. धोकेही वेगळे आहेत. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. पण हायल्युरॉनिक अॅसिडचा फिलर विरघळवणारं इंजेक्शन असतं. बोटॉक्स उतरवणारं इंजेक्शन नाही, असर ओसरेपर्यंत थांबावंच लागतं. म्हणून कुठेही गेलात तर आधी विचारा: मला टोचणार आहात त्या औषधाचं नाव काय?

५. चेहरा दगडासारखा होतो का? बधिर होतो का?

बधिर होत नाही. स्पर्श, ऊन-थंडी, दुखणं सगळं पूर्वीसारखंच कळतं, कारण ते सांगणाऱ्या नसा वेगळ्या असतात.

दगडी चेहऱ्याची भीती मात्र अगदी उगाच नाही. कपाळाचा संपूर्ण स्नायू जास्त मात्रेने झोपवला तर भुवई हलतच नाही आणि हसतानाही अर्धा चेहरा गप्प राहतो. तो मात्रेचा आणि जागेचा दोष. मी रुग्णाला आरशासमोर बसवून आठ्या घालायला, भुवया उचलायला, डोळे घट्ट मिटायला, मोठ्याने हसायला सांगते आणि पांढऱ्या पेन्सिलीने खुणा करते. एकाच वयाच्या दोन बहिणींच्या खुणाही वेगळ्या पडतात. शाळेतल्या बाई असोत की न्यायालयात उभे राहणारे वकील, ज्यांचं काम चेहऱ्यावर चालतं त्यांनी ते आधीच सांगावं, म्हणजे मात्रा कमी ठेवता येते. कमी पडली तर दोन आठवड्यांनी वाढवता येते. जास्त झालेली परत काढता येत नाही.

६. एकदा घेतलं की सगळ्या सुरकुत्या जातात ना?

नाही, आणि निराशा सगळ्यात जास्त इथेच होते. घरी आरशासमोर चेहरा अगदी सैल सोडा. जी रेघ दिसेनाशी झाली ती स्नायूच्या हालचालीची, तिच्यावर बोटॉक्स छान चालतं. चेहरा शांत असतानाही जी रेघ तशीच राहते ती त्वचेत कोरली गेलीय. ती फिकी होईल, दोन-तीन वेळा घेतल्यावर आणखी फिकी होईल, पण पुसली जाईलच असं नाही. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी घडी आणि ओघळलेले गाल हा तर बोटॉक्सचा विषयच नाही.

७. असर किती दिवसांत दिसतो आणि किती टिकतो?

दोन ते पाच दिवसांत सुरुवात होते, पूर्ण असर साधारण १४ दिवसांनी दिसतो. टिकतो तीन ते चार महिने, काहींना थोडा जास्त. दुसऱ्याच दिवशी "काहीच झालं नाही" म्हणून फोन करू नका.

८. माझी वहिनी म्हणून राहिली की एकदा सुरू केलं की बंद करता येत नाही, बंद केलं की दुप्पट सुरकुत्या येतात. खरं का?

नाही. नसेचं टोक हळूहळू पुन्हा कामाला लागतं, स्नायू पहिल्यासारखा हलायला लागतो आणि चेहरा होता तिथे परत येतो. मधल्या काळात स्नायूला विश्रांती मिळालेली असते, त्यामुळे रेघ मुळापेक्षा खोल होण्याचं कारणच नाही. तीन-चार महिने गुळगुळीत कपाळ पाहायची सवय झालेली असते, म्हणून जुनी रेघ दिसली की ती मोठी वाटते. म्हणून मी आधी फोटो काढून ठेवते.

शरीराला या औषधाची चटक लागत नाही. पण दर महिन्याला नवीन खोट काढून येणारे लोक मी पाहते. त्यांना मी पुढचं इंजेक्शन देत नाही. त्या वेळी त्यांच्याशी बोलणं जास्त गरजेचं असतं.

९. मी २४ वर्षांची आहे. आत्तापासून घेतलं तर सुरकुत्या येणारच नाहीत, असं इन्स्टाग्रामवर पाहिलं.

ज्या वयात रेघच नाही तिथे स्नायू झोपवून ठेवावा, हे मला पटत नाही. आपल्याकडे उन्हात डोळे बारीक करून गाडी चालवल्याने रेघा लवकर पडतात, हे खरंय. पण त्यावर चोविसाव्या वर्षी गॉगल, सनस्क्रीन आणि लागला असेल तर चष्म्याचा नंबर एवढं पुरतं. आठ्या घालून फळ्याकडे किंवा मोबाईलकडे पाहणाऱ्या कित्येक मुलींना नंबरच लागलेला असतो. तिशीच्या आसपास चेहरा शांत असतानाही रेघ राहायला लागली तर तेव्हा बोलू.

१०. पुरुषांनी घेतलेलं चालतं का? मी ४२ वर्षांचा आहे, लोक म्हणतात नेहमी रागावलेला दिसतोस.

चालतं. पुरुषांचे स्नायू सहसा मोठे असतात, त्यामुळे मात्रा थोडी जास्त लागू शकते आणि भुवईला बाईसारखी कमान येणार नाही अशा जागा निवडाव्या लागतात. बायकोच्या मात्रेवरून स्वतःच्या खर्चाचा अंदाज बांधू नका.

११. बोटॉक्सने वांग, टॅनिंग, काळी वर्तुळं जातात का?

नाही. हा रंगाचा प्रश्न आहे आणि बोटॉक्स रंगाला हात लावत नाही. वांगासाठी उन्हापासून बचाव आणि डॉक्टरांनी दिलेली क्रीम हाच रस्ता. तोंडाला दुपट्टा बांधून फिरणाऱ्यांनाही सनस्क्रीन लागतंच, पातळ कापडातून ऊन आत येतं.

१२. पार्लरमध्ये हेअर बोटॉक्स करतात, बोटॉक्सचं क्रीमही मिळतं. तेच ना हे?

केसात स्नायूच नसतो, मग सैल काय करणार? हेअर बोटॉक्स ही केसांना मऊपणा देणारी ट्रीटमेंट आहे, तिच्यात हे औषध नसतं. केस सरळ करणाऱ्या काही उत्पादनांतून गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू निघतो, त्यामुळे बाटलीवरचे घटक मात्र जरूर वाचा. क्रीमचं म्हणाल तर या प्रथिनाचा रेणू इतका मोठा आहे की नुसता चोळून तो त्वचेतून स्नायूपर्यंत पोचत नाही. त्या क्रीमने त्वचा ओलसर राहील, आठ्या जाणार नाहीत.

१३. आम्ही शुद्ध शाकाहारी. यात प्राण्याचं काही असतं का?

हा प्रश्न इतवारीतून, म्हणजे आमच्या जुन्या बाजारपेठेच्या भागातून, फार येतो आणि त्याचं उत्तर सरळच द्यायला हवं. प्रथिन टिकावं म्हणून बोटॉक्समध्ये मानवी रक्तापासून शुद्ध केलेलं अल्ब्युमिन घातलेलं असतं. जिवाणू वाढवताना वापरायच्या मिश्रणात दुधातल्या केसिनपासून बनवलेला पदार्थ असतो. मांस किंवा अंडं त्यात नाही. हे चालतं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. मी एवढंच सांगेन की ज्यांना दुधाच्या प्रथिनाची अॅलर्जी आहे त्यांना डिसपोर्ट देत नाहीत. अॅलर्जी असेल तर ब्रँड ठरायच्या आधी सांगा.

१४. फार दुखतं का? भूल देतात का?

बारीक सुई असते, टोचल्याचं कळतं. हवी असेल तर बधिर करणारी क्रीम आधी लावतात. टोचल्या जागी डास चावल्यासारख्या गांधी उठतात आणि अर्ध्या तासात बसतात. एखादा निळा डाग आठवडाभर राहू शकतो. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर डाग पडण्याची शक्यता वाढते, पण हृदयासाठी दिलेली गोळी या इंजेक्शनसाठी आपल्या मनाने बंद करायची नाही. आधी त्या डॉक्टरांना विचारा.

१५. मी गोंदियाहून येणार आहे. त्याच दिवशी गाडीने परत गेले तर चालेल का? चार तास झोपायचं नाही म्हणतात.

त्याच दिवशी जाऊ शकता. चार तास आडवं होऊ नका, हा सल्ला सावधगिरीचा आहे, त्यामागे फार भक्कम पुरावा नाही. तरी मी तो देते, कारण पाळायला सोपा आहे. बर्थ असला तरी तेवढा वेळ बसून जा.

खरी काळजी दाबण्या-चोळण्याची घ्या. टोचलेली जागा त्या दिवशी चोळायची नाही, फेशियल आणि मसाज नाही, जोरदार व्यायाम दुसऱ्या दिवसावर ढकला. हेल्मेट कपाळावर घट्ट बसतं, म्हणून त्या दिवशी टू-व्हीलर घरी ठेवून ऑटोने या. हेल्मेट काढून गाडी चालवा, असं याचं उत्तर मी कधीही देणार नाही. दोन आठवड्यांनी दाखवायला पुन्हा यावं लागेल, तेवढी फेरी आधीच धरा.

१६. मुलीचं लग्न आहे. किती दिवस आधी करायचं?

निदान चार आठवडे आधी. पूर्ण असर दिसायला दोन आठवडे लागतात, काही कमी-जास्त झालं तर तेव्हा दुरुस्ती होते आणि तिचा असर यायला पुन्हा दोन आठवडे. हळदीला मावशा आणि काकू चेहऱ्यावर मनापासून हळद चोळतात. चार आठवडे झाले असतील तर त्याची काही काळजी नाही. आदल्या आठवड्यात कोणी "लगेच करून देतो" म्हणालं तर जाऊ नका. निळा डाग किंवा उतरलेली पापणी घेऊन बोहल्यावर उभं राहायची वेळ येऊ शकते.

आयुष्यात पहिल्यांदा घेत असाल तर मी म्हणेन, चार-पाच महिने आधी एकदा घेऊन पाहा. चेहरा कसा दिसतो ते कळेल आणि नाही आवडलं तर लग्नापर्यंत ओसरेल.

१७. नागपूरच्या उन्हाळ्यात बोटॉक्स उतरतं का? नवतपात (मे-जूनमधल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) घेऊ नये असं ऐकलं.

एकदा स्नायूत काम सुरू झालं की बाहेर ४५ अंश असले काय आणि १० असले काय, त्याला फरक पडत नाही. घामातून ते बाहेर येत नाही.

उन्हाचा संबंध कुपीशी आहे. बोटॉक्सची कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मे महिन्यात ती स्कूटरच्या डिकीत अर्धा तास राहिली तर तिच्या असराची खात्री कोण देणार? साठवण नीट आहे का, फ्रिजला बॅकअप आहे का, हे विचारणं उद्धटपणा नाही. लाइट गेल्यावर काय करता, असंही मला विचारणारे रुग्ण आहेत आणि ते मला आवडतात.

१८. एका ठिकाणी अर्ध्या किमतीत ऑफर आहे. औषध तर तेच, मग फरक कशाचा?

फरक बहुतेक युनिटचा असतो. कुपी उघडून पाहिली तर आत जवळजवळ काहीच दिसत नाही, तळाशी पांढरट पापुद्रा असतो. त्यात सलाइन घालून औषध तयार करतात. सलाइन किती घातलं यावर एका सिरिंजमध्ये किती युनिट आली ते ठरतं आणि नुसतं पाहून ते कोणालाही सांगता येत नाही. म्हणून "एका भागाचे इतके" असा दर ऐकला की विचारा: किती युनिट? कुठला ब्रँड? डिसपोर्टचं युनिट आणि बोटॉक्सचं युनिट एक नाही. आठ्यांसाठी बोटॉक्सची २० युनिट लागतात, तर डिसपोर्टची ५०. "तिकडे ५० युनिट देतात, तुम्ही फक्त २०" ही तुलना यामुळेच फसते.

तुमच्यासमोर कुपी दाखवा म्हणा. नाव, बॅच नंबर, मुदत वाचा, मोबाईलमध्ये फोटो घ्या. चांगला डॉक्टर याला नाही म्हणणार नाही. मिसळून ठेवलेली, लेबल नसलेली सिरिंज ट्रेमध्ये तयार पडली असेल तर उठून घरी या. दिलेला अॅडव्हान्स बुडाला तरी चालेल.

१९. आमच्या ओळखीची पार्लरवाली घरी येऊन देते. तिने कोर्स केलाय. हात चांगला आहे म्हणतात.

नका घेऊ. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. भुवईखाली काही मिलिमीटरवर पापणी उचलणारा स्नायू आहे. दोन दिवसांच्या कोर्समध्ये सुई धरायला शिकवता येईल, पण चेहऱ्याची शरीररचना आणि बिघडल्यावर काय करायचं, हे शिकायला वर्षं जातात.

२०२४ मध्ये अमेरिकेत अनेक राज्यांमध्ये बनावट किंवा अयोग्य ठिकाणी घेतलेल्या बोटॉक्समुळे लोक आजारी पडले, काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं. घरं आणि स्पा अशा जागी, परवाना किंवा प्रशिक्षण नसलेल्यांनी दिलेली ती इंजेक्शनं होती. जिथे नियम कडक आहेत तिथे हे झालं, तर आपण किती जपायला हवं?

देणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का ते पाहा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर असायला हवा, नसेल तर मागा. खाजगीत कोणाचा भरवसा वाटत नसेल तर मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचा विभागाच्या ओपीडीत जाऊन निदान सल्ला तरी घ्या. बनावट औषधाचा संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, रिकामी कुपी आणि पावती जपून ठेवा.

२०. गरोदर आहे. किंवा बाळ अंगावर पितं. घेऊ का?

नको. धोका सिद्ध झालाय असं नाही, पण सुरक्षित आहे असंही सिद्ध झालेलं नाही आणि आठ्या वर्षभर थांबू शकतात. दिवस गेल्याचं कळायच्या आधी चुकून घेतलं गेलं असेल तर घाबरून कुठलाही निर्णय घेऊ नका. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा.

२१. कोणी अजिबात घेऊ नये?

मायस्थेनिया ग्रेव्हिस किंवा नस आणि स्नायू यांच्या जोडणीचा कुठलाही आजार असणाऱ्यांनी. संध्याकाळी पापण्या जड होऊन पडतात, दोन-दोन दिसतं, चावताना जबडा थकतो, असं होत असेल आणि तपासणी झाली नसेल तर ती आधी करा. टोचायच्या जागी पुरळ पिकलेला किंवा संसर्ग असेल तर तो बरा होऊ द्या. जेंटामायसिन, अमिकासिन गटाची अँटिबायोटिक सुरू असतील तर सांगा, त्यांनी असर वाढू शकतो. चेहऱ्यावरून पूर्वी वारं गेलं असेल, डोळ्याचं किंवा पापणीचं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा. मधुमेह किंवा बीपी आहे एवढ्यावरून नाही म्हणायचं कारण नाही.

२२. माझी एक पापणी खाली आली. कायमची अशीच राहील का?

राहणार नाही. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपलं की असं होतं. आठ्यांवरच्या मूळ चाचण्यांत सुमारे ३ टक्के लोकांना हे झालं होतं, म्हणजे चांगल्या हातूनही ते होऊ शकतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुटतं. तोवर डोळ्यात टाकायचे काही थेंब पापणी एक-दोन मिलिमीटर वर उचलतात, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. पापणीला मालिश करू नका. ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांना दाखवा. ते फोन उचलत नसतील तर दुसरीकडे जा, लाजून घरी बसू नका.

भुवईचं बाहेरचं टोक जास्तच वर चढलं असेल तर तो वेगळा प्रकार. बोटॉक्सच्या आणखी एक-दोन युनिटमध्ये तो दुरुस्त होतो.

२३. तीन आठवडे झाले, काहीच फरक नाही. माझ्यावर बोटॉक्स चालत नाही का?

आधी साधी कारणं पाहा: मात्रा कमी, औषध पातळ, कुपी गरम झालेली (प्रश्न १७, १८), किंवा रेघच हालचालीची नव्हती (प्रश्न ६). आठ्या घालून पाहा. स्नायू हलत नाही आणि रेघ आहे, तर औषधाने काम केलंय. औषधाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार होऊन असर थांबणं चेहऱ्याच्या मात्रेत विरळ आहे. त्याची शक्यता आणखी कमी राहावी म्हणून मी तीन महिन्यांच्या आत पुन्हा देत नाही.

२४. आई ६८ वर्षांची आहे. कपाळावर घेतल्यापासून डोळे जड वाटतात म्हणते.

वय झालं की वरच्या पापणीची त्वचा सैल पडते आणि माणूस नकळत दिवसभर कपाळाचा स्नायू उचलून डोळे उघडे ठेवतो. कपाळावरच्या आडव्या रेघा त्याच कष्टाच्या असतात. तो स्नायू झोपवला की आधार जातो आणि भुवया खाली येतात. ही उतरलेली पापणी नाही, प्रश्न २२ मधले थेंब इथे फार कामाचे नाहीत, असर ओसरायची वाट पाहावी लागते. हे आधी तपासता येतं. डोळे मिटायला सांगायचं, कपाळ हाताने स्थिर धरायचं आणि मग डोळे उघडायला लावायचे. जड वाटलं तर कपाळाला हात लावायचा नाही, किंवा फार कमी द्यायचं. अशा आईंना नेत्रतज्ज्ञांकडे नेणं जास्त उपयोगाचं असतं.

२५. घामासाठी, मायग्रेनसाठी, दात खाण्यासाठी हेच इंजेक्शन का? मेडिक्लेममध्ये बसतं का?

औषध हेच, मात्रा आणि जागा वेगळ्या. काखेतल्या अति घामासाठी प्रत्येक काखेत ५० युनिट देतात, त्याला अमेरिकेत २००४ पासून मान्यता आहे. ज्यांचा शर्ट डिसेंबरमध्येही ओला होतो त्यांच्यासाठी हा खरा दिलासा आहे. महिन्याचे निम्मे दिवस डोकं दुखणाऱ्यांना न्यूरॉलॉजिस्ट देतात. रात्री दात खाणाऱ्यांना जबड्याच्या स्नायूत देतात, त्याने चावायची ताकद काही काळ कमी होते. सौंदर्यासाठीचा खर्च मेडिक्लेममध्ये बसत नाही. आजारासाठी घेत असाल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

२६. होणाऱ्या सासूबाईंनी सुचवलं की कपाळाचं काहीतरी करून घे. मला नको आहे. काय सांगू?

मला नको आहे, हेच सांगा. वैद्यकीय कारण मागितलं तर माझं नाव पुढे करा: डॉक्टर म्हणाल्या, गरज नाही. ओपीडीत मुलगी गप्प बसलेली आणि सोबतचे लोक तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवून बोलताहेत असं दिसलं की मी सगळ्यांना बाहेर बसवते आणि तिला एकटीला विचारते. संमतीच्या कागदावर सही तिची असते, तर निर्णयही तिचाच.

२७. कुठली लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना गाठायचा?

गिळायला त्रास, बोलताना जीभ जड, आवाज बदलणं, दोन-दोन दिसणं, मान सावरता न येणं, अंगभर अशक्तपणा, श्वास अपुरा पडणं. ही लक्षणं काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही येऊ शकतात. क्लिनिक उघडायची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. कुठल्या तारखेला, कुठे, कोणाकडून, किती युनिट घेतले ते सांगा आणि कुपीचा फोटो दाखवा. पार्लरमध्ये घेतलं असेल तर तेही सांगा. तिथला डॉक्टर तुम्हाला रागावणार नाही, त्याला फक्त उपचार लवकर सुरू करायचे असतात.